आधी मागचं दार

कंडक्टर आण्णांनी मला वाचवलं. आधी त्यांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. कारण काय झालं ते आधी सांगायला गेलं की आमच्या भावकीतलं कोणीतरी मधेच तोंड घालतं आणि आण्णांचं नाव राहून जातं. आमच्या गावात ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत आण्णांनी माझं लग्न मोडलं. दुसरीत आण्णा येडे, आणि मी त्यांच्या नादाला लागलेला दुसरा येडा. मी तिसरी तऱ्हा लिहितोय. इथं सेलमला, दुकानाच्या माळ्यावर बसून, दुपारच्या जेवणाला भट्टी बंद असते तेवढ्या वेळात. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, पण जे आहे ते असं आहे.

आण्णा विट्याहून साताऱ्याला जाणाऱ्या गाडीवर कंडक्टर होते. नोकरी संपली, पण गाडी त्यांच्या अंगातनं उतरली नाही. उभे राहिले की पाय फाकून, गुडघे जरा ढिले सोडून उभे राहणार. जणू पायाखालची जमीन आत्ता उंब्रजच्या वळणाला झुकणार आहे. कशालाही हात लावायचा नाही ही त्यांची ऐट. देवळाच्या पायऱ्या असोत, ओला बांध असो, चालत्या ट्रॅक्टरची ट्रॉली असो, हात मोकळे. "हात लावला की माणूस पासिंजर झाला," असं म्हणायचे. चहाच्या टपरीत गर्दी असली तर "पुढं सरका, मागं लय जागा हाय," करत आत शिरायचे. टपरीच्या मागं भिंत होती. तरी माणसं सरकायची.

लांबण लावून बोलणाऱ्याला ते मधेच विचारायचे, "उतरायचं कुठं ते सांगा आदी." त्यामुळं गावातले पुढारी त्यांना बघून रस्ता बदलायचे. त्यांच्या खिशात कपाटाची एक लांब लोखंडी किल्ली असायची. त्या किल्लीनं ते जे समोर असेल त्यावर टोल मारायचे. एक टोल म्हणजे थांबा. दोन टोल म्हणजे चला. एकदा ग्रामसभेत सरपंच बोलत असताना आण्णांनी लोखंडी खुर्चीच्या पाठीवर एक टोल मारला आणि सरपंच खरंच थांबले. का थांबलो हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सगळ्या पंचक्रोशीचं अंग एसटीत बसून तयार झालेलं. टोल ऐकला की माणूस थांबतं.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, थांब्यानं मारत. आमच्या भागातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर जातात. गलाई म्हणतो आम्ही त्याला. तर आण्णांच्या लेखी गावात कोचीन होता, कानपूर होता, गुवाहाटी होता. दिवाळीला सगळे आले की पारावर उभं राहून हाका मारायचे, "ए गुवाहाटी, कानपूरला म्हणावं वाट सोड." मी सेलम. पंधराव्या वर्षी मी पहिल्यांदा गाव सोडलं ते त्यांच्याच गाडीनं, कराडपर्यंत. मला मळमळत होतं आणि रडूही येत होतं. त्यांनी खिडकीजवळच्या एका जाड्या माणसाला उठवलं, मला बसवलं आणि म्हणाले, "कुठं निघालास?" मी सेलम म्हणालो. "तितलं तिकीट माझ्याकडं न्हाई. पर परत यायचं माझ्याच गाडीनं, कळलं?" त्या दिवसापासून मी सेलम.

आण्णांचं खरं वेड मात्र लोकांच्या बांधकामाचं. कुणाच्या दारात वाळूची ट्रॉली ओतली की आण्णा तिथं हजर. घमेलं पालथं घालून त्यावर बसणार आणि मालकाला विचारणार, "ह्या घरात आदी कोन उठतं?"

मालक म्हणणार, "आई उठती. का हो?"

"मग आदी तिची वाट कर. रंगाचं मागनं बघू."

आता हे आमच्या गावात विचारणं म्हणजे भांडण काढणंच. आमचं गाव बाहेरनं बघितलं तर बंगल्यांचं आहे. रस्त्यानं येताना दोन्ही बाजूंनी खांब, गोल गच्च्या, वर गरुड, गेटावर सिंह. पोरं भट्टीपाशी तेजाबाच्या वासात उभं राहून कमावतात आणि कमाईचं तोंड गावाकडं करून ठेवतात. बंगला यात्रेला उघडतात, पाव्हण्यांना दाखवतात, पुन्हा कुलूप लावतात. म्हातारी माणसं मागच्या पत्र्याच्या शेडात राहतात, कारण फरशीवर डाग पडतात. ह्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. आण्णा मात्र कुलूप लावलेल्या बंगल्यापुढं उभं राहून मागं शेडातल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं ओरडायचे, "काका, गाडी रिकामी आनि तुमी टपावर व्हय?" त्यावरनं त्यांना दोनदा तरी मार पडायची वेळ आली होती. ते पाय फाकून उभे राहायचे. मारणारा थकून जायचा.

मी पुढचं दार बांधायला निघालो तेव्हाची ही गोष्ट.

वडील मी सेलमला असतानाच गेले. घरात आई एकटी. घर वडिलांनी बांधलेलं, विटांचं, वर पत्रा. न्हाणी आणि संडास अंगणापलीकडं, गोठ्याच्या अंगाला. आईचे गुडघे गेले होते आणि एका डोळ्यानं कमी दिसत होतं. माझा स्वभाव घाबरा. दुकानाचं कुलूप लावलं तरी परत परत ओढून बघणारा माणूस मी. रोज फोन करून आईला विचारायचो, "पडली-बिडली न्हाईस न्हवं?" ती म्हणायची, "मी कशाला पडतिया?" आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

त्या साली चुलत्यांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, माझ्यासाठी उंब्रजच्या बाजूचं एक स्थळ काढलं. पोरगी बारावी झालेली, घर बरं. पोरीचे मामा घर बघायला येणार होते. तात्यांनी मला फोनवरच सांगितलं, "हे बघ, आठवी शिकलेला, बाप न्हाई, परमुलखात कामाला. पोरगी काय बघून देतील? घर तरी दिसाया पायजे." त्यात चुकीचं काही नव्हतं. आमच्याकडं माझ्यापेक्षा शिकलेली, जमीन असलेली पोरं बिनलग्नाची फिरतात. हे स्थळ गेलं तर दुसरं येईल याची खात्री कुणीच देत नव्हतं, मी तर मुळीच नाही. मालकाकडनं सुट्टी घेतली, साठवलेलं सगळं काढलं. त्यात घराची एकच बाजू होणार होती. ती पुढचीच करायची हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

तात्यांच्या मोबाइलमध्ये एका बंगल्याचा फोटो होता. दोन खांब, वर गोल गच्ची, गच्चीच्या कठड्यावर घोड्यांची जोडी. तो फोटो त्यांनी गवंड्यांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला, आईला दाखवला. आई म्हणाली, "घोडी लय छान हायती." गवंड्यांनी पहिल्या दिवशी पुढचा सगळा गिलावा पाडला, दुसऱ्या दिवशी परांची बांधली आणि वर चढले.

टण्ण.

गवंड्याची थापी हवेतच थांबली. आण्णा खाली उभे होते, पाय फाकून, किल्ली घमेल्यावर टेकवून.

"कुनी थांबवलं?" तात्या आतून ओरडत आले.

"मी. पासिंजर ऱ्हायलंय."

"कसलं पासिंजर?"

"वैनी कुटं हायती? सेलमची आई?"

"त्यांचा काय संबंध? आण्णा, ही एसटी न्हवं. हितं पोराच्या लग्नाचं चाललंय."

"एसटीत तरी म्हातारं माणूस चढल्याबिगर मी दोरी वडली न्हाई कवा." मग माझ्याकडं वळून, "सेलम, चल आत."

मी गेलो. का गेलो विचारू नका. टोल ऐकला की आमचं अंग ऐकतं हे वर सांगितलंच आहे. आण्णांनी मला आईच्या खाटेवर बसवलं. "डोळं मीट. पहाट झालीया. अंधार हाय. गुडघं दुखत्यात. तुला मागं जायचंय. कसा जाशील?"

मला हसू आलं. "असा उठणार, असा दारातनं भाईर."

"पोचलास की साताऱ्याला, कशाला हात न लावता. आता डोळं उघड आनि भितीकडं बघ."

खाटेच्या उशाशी, खिडकीच्या कडेला, भिंतीवर एक काळपट डाग होता. तळव्याएवढा, तेलकट, चकचकीत. तिथनं हातभर पुढं दुसरा. स्वयंपाकघराच्या चौकटीवर एका बाजूचं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं, दुसऱ्या बाजूचं जसंच्या तसं. मागच्या दाराबाहेर कोपऱ्यावरची वीट, तिच्यावरचा चुना गेलेला. आण्णा पुढं आणि मी मागं. ते बोट लावत नव्हते, नुसते प्रत्येक जागी उभे राहायचे. कोपऱ्याच्या पुढं उघडं अंगण. तिथं भिंत नाही. मी म्हणालो, "हितं काय धरती मग?"

आण्णांनी वर बघितलं. कपडे वाळत घालायची तार होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताठ, आणि बरोबर मधे एका जागी वाकून खाली आलेली. ती वाकलेली तार मी लहानपणापासून नाही तरी दर सुट्टीला बघत होतो. मला वाटायचं ओल्या गोधड्यांच्या वजनानं आली असेल.

तारेच्या पुढं पाण्याचा ड्रम, त्याची कड पितळेसारखी घासलेली. मग न्हाणीचा पत्र्याचा दरवाजा. दरवाजाला कडी बाहेरनं होती, तिच्या खाली पत्र्यावर पाच बोटांच्या खुणा.

"हा वैनींचा रूट," आण्णा म्हणाले. "रोजचा. कुठल्या बोर्डावर न्हाई."

आई मागनं आली होती. लाजली. "आवं भावजी, पोराला मळकट भिती काय दाखवताय? रंग दिला की जातंय की ते."

"म्हणून तर रंगाच्या आदी दाखवतोय."

ती पडत नव्हती, हे ती मला खरंच सांगत होती. कशाच्या जोरावर पडत नव्हती ते मी कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या अंगणात तात्या गवंड्यांना परांचीवरच चहा देत होते. मी बाहेर आलो. माझ्या तोंडातनं शब्द आले ते मलाच ओळखू येईनात. "मिस्त्री, परांची काढा. काम मागं घ्या."

"मागं म्हंजे?" तात्या म्हणाले.

"मागं म्हंजे मागं. न्हाणी, संडास घराला लागून घ्यायचा. स्वयंपाकघरातनं दार. पुढचं ऱ्हाऊ दे."

"आरं, गिलावा पाडलाय! इटा दिसालाग्यात! मामा काय बघनार? तुजं डोस्कं ठिकाणावर हाय का? त्या येड्याच्या नादानं लगीन घालवशील."

"घालवलं तर माझं जाईल, तात्या."

असं मी त्यांना आयुष्यात कधी बोललो नव्हतो. वडील गेल्यावर त्यांनीच आमचं बघितलं होतं. त्यांनी चहाची किटली खाली ठेवली. आण्णांनी घमेल्यावर दोन टोल मारले. टण्ण टण्ण. गवंडी खाली उतरले.

मागचं काम सुरू झालं तेव्हा वाटलं की आता आण्णा माझ्या बाजूचे. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते. मी चकचकीत फरशी आणली, त्यांनी एक टोल मारला. फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला आईच्या झिजलेल्या चपला घालून चालायला लावलं. माझा पाय सटकला आणि मी गवंड्याच्या गळ्यात पडलो. खरबरीत फरशी आणली. दुकानदार म्हणाला, ही गोठ्यात घालतात. आण्णा म्हणाले, "गोठ्यातल्या म्हशीची काळजी हाय न्हवं त्यांना." उंबरा काढून टाकायला तात्यांचा विरोध, उंबऱ्याशिवाय घर असतं का? आण्णा आणि तात्या त्या उंबऱ्यावर सकाळभर भांडले. शेवटी पुढचा उंबरा ठेवला, मागचा काढला, आणि दोघंही आपण जिंकलो म्हणून जेवायला गेले.

स्टीलच्या दांड्या बसवायच्या होत्या. गवंड्यानं टेप काढला, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. आण्णांनी टोल मारला. "टेप ठेव खिशात. डाग कुटाय?" खूण डागाच्या वर आली होती. "वैनींचा हात जितं जातोय तितं दांडी. हात दांडीकडं जायचा न्हाई, दांडी हाताकडं यायची." आणि त्या तेलकट डागांवरच भोकं पाडून दांड्या ठोकल्या. खाटेपासून न्हाणीपर्यंत. तारेखालनं जायची गरजच उरली नाही. घराच्या त्या अंगाला बघितलं की खरंच एसटीत शिरल्यासारखं वाटतं.

मी एकदा विचारलं, "आण्णा, हे तुमाला कसं सुचलं?" मला वाटलं मागं काहीतरी दुःख असेल, घरचं कुणी पडलं-बिडलं असेल.

"सुचतंय काय त्यात?" ते म्हणाले. "सगळी नोकरी माणसं चढताना बघितली. माणूस कुटं बघतंय ते खोटं असतंय. हात कुटं टाकतंय ते खरं."

मामा यायचा दिवस उजाडला. मागचं काम झालं होतं. पुढं मात्र नुसत्या उघड्या विटा, दारात उरलेल्या वाळूचा ढीग आणि मोडकी परांची. तात्या पहाटेच मंडपवाल्याकडनं एक कनात घेऊन आले, लाल-पिवळी, वर झालर लावलेली, आणि ती घराच्या पुढच्या अंगाला बांधायला लागले. मला तात्यांचं वाईट वाटलं. ते शिडीवर चढले होते आणि एका हातानं झालर सारखी करत होते.

आण्णा आले. टोल मारला नाही. म्हणाले, "तात्या, खाली या. शिडी मी धरतो, तुमी उतरा."

तात्या उतरले. आण्णांनी कनात सोडली, घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. "लपवायजोगं काय केलंय आपन?"

तात्यांनी कनात काखेत मारली. परत बांधली नाही.

दुपारी जीप आली. पोरीचे मामा, वडील आणि आणखी एक पाव्हणे. मामांनी उतरून घराकडं बघितलं, मग तात्यांकडं बघितलं, मग चुकीच्या घरी आलो की काय म्हणून शेजाऱ्याच्या गेटावरच्या सिंहांकडं बघितलं. वाळूच्या ढिगापुढं आण्णा उभे होते, अंगात ठेवणीतला सदरा. "या, या. पुढनं वाट न्हाई. मागनं चला."

मामा म्हणाले, "मागच्या दारानं आमी कुनाच्या घरात शिरत न्हाई."

"नका शिरू. पर बघाया आलाय न्हवं? बघायजोगं मागंच हाय."

पोरीचे वडील हसले आणि निघाले, म्हणून मामांना यावं लागलं. गोठ्याच्या अंगानं, शेणकुटाच्या ढिगाजवळनं, सगळे मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. आईनं सतरंजी घातली होती. चहा घेऊन ती स्वतः आली, एका हातात ट्रे, दुसरा हात दांडीवर सरकत सरकत. कप वाजले नाहीत. मी मात्र घामानं भिजलो होतो.

मामांनी सगळं बघितलं, दांड्या, खरबरीत फरशी, उंबरा नसलेलं दार. "घर म्हंजे अर्धंच हाय की हो."

तात्यांनी तोंड उघडलं. पण बोललो मी. "व्हय, अर्धंच हाय. पुढचं जवा जमंल तवा करू. तुमची पोरगी आली तर तिचा दिवस हितनं सुरू हुणार. गेटावरच्या सिंहापासनं न्हवं. म्हणून हितनं धरलं."

मामांनी बशीत कप ठेवला. "बोलतुयास बरं. पर लग्नाला आमचं अख्खं गाव येनार. त्यांनाबी काय शेणकुटाजवळनं आनू?"

"आना की," आण्णा दारातनं म्हणाले. "पुढं सरकत जातील."

पाव्हणे गेले. जाताना पोरीच्या वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हातावरनंच मला कळलं की हे होणार नाही. आठवड्यात निरोप आला. स्थळ गेलं.

तात्यांनी आदळआपट केली नाही. आदळआपट आईनं केली. आयुष्यात कुणाला मोठ्यानं न बोललेल्या माझ्या आईनं. "माझ्या हागण्यामुतण्यापायी पोराचं लगीन मोडलं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासनं नवं सगळं सोडून परत अंगणापलीकडच्या जुन्या न्हाणीत जायला लागली. दांडीला हात लावायची नाही. दांडीच्या खाली भिंतीला हात लावून जायची, मग कोपऱ्याची वीट, मग तार. मी पाया पडलो, रागावलो, रडलोसुद्धा. ती म्हणाली, "त्या दांड्या उपटून टाक. त्यांच्या जागी घोडी बसीव." मी आण्णांना सांगितलं. सुट्टी संपत आलेली, आणि मी आईला परत त्या तारेच्या भरवशावर सोडून जाणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात गेली तर जुन्या न्हाणीत कडबा. जमिनीपासनं पत्र्यापर्यंत. संडासातही कडबा. दाराशी आण्णा पालथ्या घमेल्यावर बसलेले, त्यांची गाय शेजारी उभी.

"हे काय, भावजी?"

"हा थांबा बंद झालाय, वैनी. गाडी आता नव्या स्टँडवरनं सुटती."

"काडा आदी ते. माझी न्हाणी हाय."

"न्हाणी तुमची, कडबा माझा. पावसात भिजंल. कुटं ठेवू?"

"तुमच्या घरात ठेवा! माझ्या पोराच्या लग्नाचं वाटोळं केलं आनि वर कडबा आणून भरताय व्हय? लाज वाटती का?"

"न्हाई वाटत." पाय फाकून उभे राहिले. "वैनी, लगीन पोराचं हुईल न्हाईतर न्हाई. ते त्याचं त्यो बगंल. पर तुमी हितनं परत चालला तर ह्ये सेलम तितं भट्टीपुढं उभं ऱ्हाऊन रोज तारंकडं बघंल. सोन्याकडं बघनार न्हाई. हात भाजून घील. तवा कुनाचं वाटोळं?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती गायीकडं बघून हसत होती. गायीनं कडबा ओढून ओढून अर्धा दरवाजा मोकळा केला होता.

"तुमची गायच ऐकत न्हाई तुमचं," आई म्हणाली.

"ती पासिंजर न्हाई, ती ड्रायव्हर हाय," आण्णा म्हणाले.

आई वळली आणि घरात गेली. मी मागनं बघत होतो. दाराशी ती थांबली, कोपऱ्याच्या विटेकडं तिचा हात गेला, मधेच राहिला, आणि दांडीवर आला.

मी सेलमला परतलो त्यानंतरच्या श्रावणात एकदा फोनवर आई सहज बोलली, "ती तार तुटली रं." मी विचारलं, कशानं? "एक टॉवेल घातला हुता, त्याचं काय वजन? तुटली." कुठं तुटली? "मधीच की. खाली आली हुती तितं." मग ती भाज्यांबद्दल बोलायला लागली. मी फोन कानाला धरून भट्टीपाशी तसाच उभा राहिलो. मालक हाक मारत होता ते ऐकू येत नव्हतं. गावात जे दोन प्रकार सांगतात त्यात ही तार कुठंच येत नाही.

आमच्या घराचा पुढचा भाग अजून तसाच आहे, उघड्या विटांचा. यात्रेला आलेले कोचीन-कानपूर हसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आपापल्या बंगल्यांचे फोटो टाकतात आणि खाली विचारतात, सेलमवाल्याचं पुढचं दार कवा? मी आमच्या मागच्या दाराचा फोटो टाकतो. तात्या अजून स्थळं बघतात, आता ते स्वतःच पाव्हण्यांना आधी सांगतात, "घर मागनं बघावं लागतंय, चालत असंल तर या." दोन ठिकाणी चाललं नाही. नाही तर नाही.

मागच्या यात्रेला मी आण्णांच्या घरी गेलो. ते एकटेच राहतात. ओसरीवरनं खाली यायला त्यांच्याकडं दोन उंच पायऱ्या आहेत, दगडी. मला सोडायला ते उठले, पाय फाकून, हात मोकळे, नेहमीसारखे बोलत बोलत. मी पुढं उतरलो आणि सहज मागं वळून बघितलं. दाराशेजारी भिंतीवर, कमरेच्या वर, एक डाग होता. तळव्याएवढा. अजून तेलकट झालेला नव्हता, नुसता मळकट.

मी त्याच्याकडं बघतोय हे त्यांनी बघितलं.

"पावसाची ओल हाय ती," म्हणाले.

"व्हय, आण्णा."

"गाडी चुकंल. जा."

मी गेलो. पण मी ती जागा बघून ठेवली आहे, किती उंचीवर आहे ते माझ्या खांद्याशी लावून बघून ठेवलं आहे. येत्या यात्रेला मी येणार आहे, त्याच मिस्त्रीला घेऊन आणि दांडी घेऊन, आणि त्या दोन दगडी पायऱ्या फोडून त्यांची आण्णांच्या गुडघ्यांना झेपेल अशी उतरण करणार आहे. आण्णा भांडतील, शिव्या देतील, पाय फाकून वाटेत उभे राहतील. किल्ली काढून एक टोल मारतील. मी थांबणार नाही.